भोंगा वाजला की

(इंदापूर. स्टँडाच्या मागं सौरभचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुपारी बाराची वेळ. एका जुन्या मोटरसायकलची सीट काढून ठेवलेली. रस्त्याच्या पलीकडं टपरीवर रामहरीतात्या चहा घेत बसलेत. त्यांचा मुलगा युवराज त्यांच्यावर एक डोळा ठेवून सौरभशी बोलतोय.)

सौरभ : रिमोट दोन येतात, भाऊ. एक तुमच्याकडं ठेवा, एक तात्यांना द्या. गाडी त्यांचीच म्हणता ना?

युवराज : त्यांना द्यायचा न्हाय. दोन्ही माझ्याकडंच दे. आन् जरा हळू बोल.

सौरभ : अहो, ते पार रस्त्याच्या पलीकडं बसलेत. आणि मालकाकडंच रिमोट नसला तर त्यांनी गाडीला हात लावला की त्यांच्यावरच बोंबलेल की ही.

युवराज : त्याच्यासाठीच बसवायचाय.

सौरभ : म्हणजे?

युवराज : म्हंजी त्यांच्यावरच बोंबलाय पायजे. चोरबीर कोण न्हाय. असली जुनी गाडी आमच्या गावात, वरकुट्यात, कोण चोरतंय? तात्यांनी गाडीला हात लावला की घरात कळाय पायजे. एवढंच काम हाय माझं.

सौरभ : मघाशी तर ते मला सांगत होते, गावातनं तीन गाड्या गेल्या म्हणून.

युवराज : ते मीच सांगितलंय. तसं सांगितल्याबिगर गाडी दुकानात आणू देत नव्हते. मग म्हणाले, मी बी येतो, वायरिंगवाल्यावर नजर ठिवाय पायजे.

सौरभ : नजर ठेवली की. आल्या आल्या माझा सगळा खोका उपसून बघितला. आणि जाताना दोन वायरचे तुकडे खिशात घालून गेले. मी काही बोललो नाही, म्हटलं वयस्कर माणूस आहे.

युवराज : निघताना काढून देतो तुझे तुकडे. घरी बी हीच गत हाय. टीव्हीची वायर काढत्यात, फ्रिजची काढत्यात. परवा माझ्या बायकोनं, सुप्रियानं, चटणी वाटायला मिक्सर घेतला तर त्याला वायरच न्हाय. ती ह्यांच्या बंडीच्या खिशात. आता बंडी धुवायला टाकायच्या आदी खिसं चाचपायचं, ही आमच्या घरची रीतच झालीय.

सौरभ : विसरतात का ते?

युवराज : इसरत्यात म्हणायचं. बारामतीच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला. म्हणाला, हे आता असंच उतरत जाणार, गोळ्या द्या आन् सांभाळा. सांभाळायचं कसं, ते काय त्यानं सांगितलं न्हाय. जेवलो का न्हाय ते ह्यांना सांगता येत न्हाय. आईला कधी कधी इचारत्यात, पावनं कुठलं तुमी? चाळीस-पंचेचाळीस वर्सं संसार केलेली बाई ती, भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत बसती. पर वायर हातात आली की हात थरथरत न्हाय बघ त्यांचा.

सौरभ : आणि गाडी काढून जातात कुठं?

युवराज : पणदऱ्याला.

सौरभ : बारामतीच्या पलीकडं? अहो, साठेक किलोमीटर होतं ते तुमच्यापासनं.

युवराज : आमचं मूळ रान तितलं. मी सात वर्सांचा असताना तात्यांनी सगळं सोडलं आन् आमाला घेऊन वरकुट्याला, आईच्या माहेरी आले. तवापासनं पणदऱ्याचं नाव काढलं न्हाय. चुलतबहिणीचं लगीन झालं, गेले न्हाईत. मयतीला गेले न्हाईत. पस्तीस वर्सं. आन् आता हे दुखणं लागलं तसं रोज उठून तितंच जायचंय. का जायचंय इचारलं तर म्हणत्यात, काम हाय.

सौरभ : पोचले का कधी?

युवराज : एकदा बी न्हाय. एकदा निमगाव केतकीत पेट्रोल संपलं. एकदा लासुर्ण्यात गाडी अंगावर पडली, सायलेन्सरनं पोटरी भाजली. गाडीवर माझा नंबर लिहून ठिवलाय म्हणून बरं, कुणीतरी फोन करतं. मागल्या आठवड्यात रस्ता चुकून हायवेला लागले, ते बी उलट्या बाजूनं. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हायती. मी पोचलो तर तो ट्रकवाला मला शिव्या द्यायच्या ऐवजी रडत बसला हुता. म्हणाला, माझ्या हातनं झालं असतं हो.

सौरभ : मग गाडीच विकून टाका की, भाऊ. नाही तर ठेवा लांब कुठंतरी.

युवराज : ठिवली हुती. शेजारच्या गोठ्यात, कडब्याच्या मागं. तीन दिवस अन्नाला शिवले न्हाईत. गाडी चोरीला गेली म्हणून चौकीत चालत गेले. हवालदारानं मला बोलावून घेतलं, म्हणाला, म्हातारा गाडीचा नंबर, इंजनाचा नंबर बिनचूक सांगतोय, तुमी पोरं तक्रार का देत न्हाय? काय सांगू त्याला? चौथ्या दिवशी पायी निघाले. रस्त्यानं न्हाय, उसातनं. कुठल्या फडात शिरले कळंना. सहा तास सगळा गाव हुडकत हुता. पाचटानं तोंड कापून रक्त आलेलं. तवा ठरवलं, गाडीवर असले तर निदान रस्त्यावर तरी सापडत्यात. गाडी आणून परत दारात लावली.

सौरभ : किल्ली लपवायची.

युवराज : किल्ली लागतीय कुणाला? वायरी उपसून चालू करत्यात. पेट्रोल काढून घेतलं तर फवारणीच्या पंपातलं घालत्यात. साखळी लावली तर हॅक्सॉनं कापत बसले, साखळीच्या जागी अंगठा कापला. दिवसभर त्यांच्यामागं माणूस लावला तर रानात कोण जाणार? म्हणून म्हणलं, निदान आवाज व्हावा. आवाज झाला की घरातनं कोणतरी पळंल. मी रानात असलो तरी मला ऐकू यील.

सौरभ : ऐकू येईल, त्याची काळजी नको. हा बघा, हा डबा साईड पॅनलच्या आत बसवतो. लाल वायर बॅटरीला, काळी अर्थला, ह्या दोन इंडिकेटरला. भोंगा टाकीच्या खाली. आणि ह्याला इंजनचा कट पण आहे. म्हणजे नुसता आवाज नाही, गाडी चालूच होणार नाही.

युवराज : म्हंजी किक मारत बसतील. त्र्याहत्तर वय हाय, गुडघा गेलाय.

सौरभ : मग कट नको लावू का?

युवराज : न्हाय लावला तर जातील. लावला तर दारात पडतील. मला काय कळंना झालंय बघ. लाव. पडले तर दारात तरी असतील.

सौरभ : बरं. लावतो. आता जरा लांब व्हा, चालू करून बघतो. हं, झाला लॉक. आता नुसता धक्का लागला की... थांबा, मी अजून हात पण लावला नाही. बंद हो की, बाबा. ती एसटी गेली ना जोरात, त्या हादऱ्यानं वाजला. सेन्सर फार कडक आहे, हा स्क्रू थोडा ढिला करावा लागेल. नाही तर तुमच्या दारातनं उसाचा ट्रॅक्टर गेला तरी बोंबलेल.

युवराज : बंद कर, बंद कर. आले बघ ते. आरं, रस्ता तरी बघत्यात का... तात्या, थांबा. ती गाडी जाऊ द्या आदी.

तात्या : कुणी हात लावला? बाजूला व्हा सगळी. संभा, हात काढ तितनं. हात काढ म्हणतो ना.

युवराज : तात्या, मी युवराज हाय.

तात्या : कोण?

युवराज : युवराज. तुमचा मुलगा.

तात्या : युवराज शाळंत गेलाय. तू मला शिकवू नको. आन् तात्या काय म्हणतोस रं? थोरल्या भावाला कोण तात्या म्हणतं का? दादा म्हणायला जीभ झडती व्हय तुझी?

युवराज : मी संभाकाका न्हाय, तात्या. माझ्या तोंडाकडं बघा जरा. संभाकाका...

सौरभ : भाऊ, राहू द्या. तात्या, तुम्ही या इकडं, तुमचीच वाट बघत होतो. भोंगा बसवलाय तुमच्या गाडीला. चोरानं हात लावला की वाजणार आणि गाडी पण चालू होणार नाही. बघा बरं, काम पसंत पडतंय का.

तात्या : चालू हुणार न्हाय?

सौरभ : रिमोट असल्याशिवाय नाही.

तात्या : चोर काय तुझ्याकडं रिमोट मागत यील का? लावून दाव तुझा भोंगा. माझ्याकडं बघ आन् आकडे म्हण.

सौरभ : लावला. एक, दोन, तीन... तात्या, वाजायला लागला बघा, आता कानात बोटं घाला. अहो, पॅनल कशाला उघडताय? नाण्यानं उघडलं की हो ह्यांनी. फ्यूज... गेला. भोंगा मेला. आता पुढं काय बघताय दिव्याच्या मागं?

तात्या : किल्लीच्या वायरींचा जोड, कपलर, असतो हितं. हा उपसला की गाडीला वाटतं किल्ली फिरवली. आता मार किक.

सौरभ : मी मारतो, तुम्ही गुडघ्याला त्रास नका देऊ. ...चालू झाली.

तात्या : किती झाले आकडे?

सौरभ : मी मोजायचं सोडूनच दिलं. अर्धं मिनिट पण नसेल झालं.

युवराज : बघितलंस? मी तुला मघापासनं काय सांगतोय?

तात्या : ह्याच्यावर तू चोर धरणार? पोरा, तुझं काम वंगाळ न्हाय, पर तू गिऱ्हाइकासाठी बसवतोस, चोरासाठी बसवत न्हाईस. डबा पॅनलमधी ठिवायचा न्हाय, ते सगळ्यांना ठावं असतं. तो टाकीच्या खाली, सांगाड्याच्या कण्याला बांध. लाल वायर फ्यूजच्या अलीकडनं घे, म्हंजी फ्यूज काढला तरी भोंगा जित्ता राह्यल. आन् तुझा कट किल्लीच्या वायरीला लावलायस, तो काढ. मॅग्नेटकडनं एक बारीक वायर येती बघ, ठिणगी कवा टाकायची ते सांगणारी. ती तोड आन् तुझ्या डब्यातनं फिरव. अशी फिरव की डबा मेला तर गाडी बी मेली पायजे. मग चोरानं बॅटरी काढून नेली तरी किक मारून मारून मरंल.

युवराज : तात्या...

तात्या : आन् जोडावर तुझी ही नवी चकचकीत टेप लावू नको. जुनी, मळकी टेप गुंडाळ. नवी टेप म्हंजी चोराला पाटी लावल्यागत हाय, हितं जोड हाय म्हणून.

सौरभ : तात्या, असं केलं तर तुम्हाला तरी उघडता येईल का?

तात्या : मला? मला बी न्हाय यायचं. मग चोराला कुठनं येतंय.

सौरभ : करू का, भाऊ, ह्यांनी सांगितलंय तसं?

युवराज : मला इचारू नको.

सौरभ : कुणाला तरी विचारायला पाहिजे ना.

युवराज : स्वताच्या हातानं स्वताला कुलूप लावायला सांगत्यात, आन् मी हितं हुबा राहून बघायचं. कर बाबा. कर. दुसरं काय हाय माझ्या हातात?

तात्या : काय कुजबुजताय रं? टाकी काढ, मी नट धरतो. हां. ही बघ ती बारीक वायर. तोड. बेतानं तोड, कमी पडली तर जोडायला वाव राहत न्हाय. हा भोंगा कशानं वाजतो म्हणालास?

सौरभ : हात लागला, धक्का लागला की.

तात्या : लाईट यायच्या आदी वाजतो का?

सौरभ : लाईट? नाही, लाईटीचा काही संबंध नाही, तात्या. गाडीच्या बॅटरीवर चालतो.

तात्या : मोटारीला बसवता यील का? हिरीवरच्या, पाण्याच्या मोटारीला?

सौरभ : बसवता येईल की. पण कशाला?

तात्या : असं बघ. लाईटीचा नेम न्हाय. आली तर दोन तास, त्याच्यावर टिकत न्हाय. तेवढ्यात भिजवून घ्यायचं. आता बटणापाशी माणूस कुठवर बसवणार? म्हणून मी काय करतो, स्टार्टरमधी, बटणाच्या पेटीत, वायरचा तुकडा घालून ठिवतो. डायरेक्ट. लाईट आली की मोटार आपली आपण चालू. आपण घरी असलो तरी रान भिजतं. आमच्या वस्तीवरची सगळी माझ्याकडनंच शिकली हे.

सौरभ : आमच्याकडं पण करतात. अजून करतात.

तात्या : सकाळी लाईट गेली. मी तुकडा घातला आन् जेवाय घरी आलो. संभा, माझा धाकटा भाऊ, सकाळच्या पारी बारामतीला गेला हुता. मोटारीच्या वायरीचा जोड उघडा पडलाय, तो दोन दिवस म्हणत हुता, दादा, तेवढा जोड मी करून टाकतो. मी म्हणलं, कर सवडीनं. तो बारामतीवरनं आला तो घरी न येता बांधाबांधानंच गेला आन् हिरीत उतरला. लाईट न्हाय म्हणून बिनघोर उतरला. स्टार्टर वर खोलीत. तितला तुकडा त्याला कुठनं दिसणार? मी सांगितलंच न्हाय त्याला. भेट झाली असती तर सांगितलं असतं.

युवराज : तुकडा? कसला तुकडा, तात्या?

सौरभ : भाऊ, बोलू द्या त्यांना.

तात्या : मी ताटावर. हिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकलेली. आन् घरातला दिवा लागला. मी हिला म्हणलं, आली बघ लाईट. खूस झालो मी. म्हणलं, चार वाफं तरी भिजतील आता. आन् आणखी एक भाकरी मागून घेतली.

सौरभ : तात्या, पाणी घ्या जरा.

तात्या : लाईट येती आन् वाजत काय न्हाय बघ. गाडीला हॉर्न हाय, कारखान्याला भोंगा हाय, शाळंला घंटा हाय. लाईट अशीच येती, मुकाट. वाजली असती तर त्यानं हात काढून घेतला असता. चपळ हुता तो. म्हणून मला जायचंय पणदऱ्याला. तो उतरायच्या आत तुकडा काढला पायजे. कवापासनं सांगतोय, पर ही माणसं मला जाऊ देत न्हाईत. कोण हायती काय ठावं. चांगली हायती तशी, जेवाय घालत्यात. पर सोडत न्हाईत.

सौरभ : नळ आहे तिकडं, मागच्या बाजूला. हाताला ग्रीस लागलंय तुमच्या. साबण पण ठेवलाय. धुऊन या, तोवर मी टाकी बसवतो.

तात्या : जोडाकडं ध्यान ठिव. मळकी टेप.

सौरभ : मळकीच लावतो. ...भाऊ, खाली बसा. ह्या स्टुलावर बसा.

युवराज : मला ठावं नव्हतं.

सौरभ : काका वारले ते?

युवराज : वारले ते ठावं हाय. संभाकाकाला हिरीत शॉक बसला, एवढंच आमाला सांगितलं. मी शाळंतनं आलो तर वट्यावर माणसंच माणसं. तुकड्याचं कोण बोललं न्हाय. आई बी कधी बोलली न्हाय. तिला ठावं असणार. भाकरी तिनंच वाढलीय ती. मी आपला इतकी वर्सं समजत हुतो, वाटणीवरनं भांडण झालं असंल, म्हणून पणदरं सोडलं. बाहेर सगळ्यांना तेच सांगत फिरलो.

सौरभ : म्हणून वायरी काढत असतील. टीव्हीच्या, फ्रिजच्या.

युवराज : आन् आमी त्यांच्यावर वरडत हुतो. परवा सुप्रियाच्या मिक्सरवरनं मी हातातनं वायर हिसकून घेतली त्यांच्या. तात्या म्हणाले, पोरी, हात लावू नगंस त्याला, लाईट यील. आमी हसलो, सौरभ. सगळी बसून हसलो.

सौरभ : त्यांना कधी सांगितलं का, संभाकाका आता नाहीत म्हणून?

युवराज : पाच-सहा वेळा सांगितलं. दरवेळी नव्यानं ऐकल्यागत रडत्यात. ऊर बडवून घेत्यात. आन् तासाभरानं इसरत्यात आन् गाडीकडं जात्यात. आईनं हात जोडले मला. म्हणाली, परत सांगू नको त्यांना, कितीदा मारायचं एका माणसाला? तवापासनं सांगत न्हाय. पर ते मला संभा म्हणत्यात तवा गप बसवत न्हाय मला. माझा बाप हाय तो. मी समोर हुबा असून मला म्हणतो, युवराज शाळंत गेलाय.

सौरभ : पणदऱ्याला एकदा घेऊन गेलात तर? तुकडा काढला म्हणून दाखवायचं.

युवराज : काय दावू? ती हीर कवाच बुजवली. त्याच्यावर घर बांधलंय आता लोकांनी. आन् दावलं समज. सांजच्याला इसरतील, सकाळी परत निघतील.

सौरभ : मग ह्या भोंग्याचा तरी काय उपयोग, भाऊ?

युवराज : ते मी तुला इचारायचं का तू मला? बसव. बसवून टाक. वाजंल तवा वाजंल.

सौरभ : आले बघा. या तात्या. झाली गाडी. तुमच्या म्हणण्यापरमाणं सगळं केलंय. टेप बघा, माझ्या आजोबाच्या काळातली वाटती का नाही?

तात्या : हं. आता लाव भोंगा. बाजूला सर.

सौरभ : लावला. करा काय करायचं ते.

तात्या : वाजू दे, वाजू दे. फ्यूज काढला. वाजतोच हाय? कपलर काढला. आता किक...

सौरभ : तात्या, एक-दोनच मारा हां. गुडघा.

तात्या : न्हाय. एवढी एक. ...एवढी एक.

युवराज : तात्या, बास. आता बास झालं. खाली उतरा, दम लागलाय तुमाला. सौरभ, बंद कर ते.

सौरभ : बंद केला. तात्या, हरलात की नाही?

तात्या : हरलो. मला बी चालू करता न्हाय आली. पास झालं तुझं काम. हे काय दोन हायती? आण, एक हिकडं आण.

सौरभ : रिमोट? भाऊ...

युवराज : दे त्यांना. दे. त्यांच्या हातातनं मी काय काढून घेऊ आता.

सौरभ : हे घ्या, तात्या. हे बटण दाबलं की बंद, हे दाबलं की चालू. तुमच्याकडंच राहील हा.

तात्या : माझ्यापाशी नको. माझा भरवसा न्हाय राह्यला मला. मी तुकडा घालतो आन् इसरून जातो. संभा, हिकडं ये. लांब का हुबा राह्यलास? ये.

युवराज : तात्या, मी...

सौरभ : भाऊ. जावा ना जवळ.

तात्या : हे धर. वरच्या खिशात घाल, खालच्या खिशातनं पाण्यात पडतंय. आन् हे माझ्याकडचं दोन तुकडं बी घे, लांब फेकून दे कुठंतरी. आता ध्यान देऊन ऐक. हे आता ह्या गाडीला बसवलंय, उद्या ह्या पोराला नेऊन मोटारीला बसवून घेऊ. भोंगा वाजला की समजायचं, लाईट आली. जोडात हात असला तर काढून घ्यायचा. जोड राहू दे अर्धा. पाणी राहू दे. रान वाळलं तर वाळू दे. सरळ वर यायचं. ऐकतोयस न्हवं?

युवराज : ऐकतोय.

तात्या : मी हाक मारीन म्हणून वाट बघायची न्हाय. मी तवा घरी जेवत असतो.

युवराज : व्हय.

तात्या : नुसतं व्हय म्हणू नको. वाजला की वर येशील न्हवं, संभा?

युवराज : येतो, दादा.